माझ्या बाजूची कडी

माझी ट्रंक त्यांनी आधी मोजली. लांबी, रुंदी, उंची, आणि झाकण उघडल्यावर ते मागे किती जातं तेसुद्धा. मग खाटेखाली वाकून तिथली जागा मोजली, लाकडी पट्टीची घडी घालून ती खाकी अर्ध्या चड्डीच्या खिशात सारली, आणि तेव्हा कुठे मान वर करून मला विचारलं, "जेवलें गो बाय?"

डिचोलीत खोली शोधत फिरताना तोवर मी बऱ्याच घरमालकांना तोंड दिलं होतं. कुणी गाव विचारलं, कुणी आडनाव विचारलं, कुणी लग्नाचं कधी बघणार ते विचारलं. एका बाईंनी मासे खाणार का म्हणून विचारलं, आणि मी 'हो' म्हटल्यावर कुठकुठल्या वारी, हेही विचारून घेतलं. ह्या गृहस्थांना माझ्याविषयी काहीच जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांना काळजी एवढीच, की माझी ट्रंक खाटेखाली जाते की नाही. "जाता," ते समाधानानं म्हणाले. "वीतभर जागा उरता. थंय व्हाणो दवर." म्हणजे चपला. झालं, खोली मला मिळाली.

आणि मला ती मिळायलाच हवी होती. माझं गाव चोपडे, नदीकाठचं. तिथून डिचोलीच्या शाळेत रोज यायचं तर आधी फेरीबोट, मग म्हापशाची बस, मग डिचोलीची बस. पहिल्या घंटेला पोचायला आदल्या दिवशीच निघावं लागलं असतं. वडिलांनी नोकरीला होकार दिला तो एकाच अटीवर, की सभ्य घरात खोली मिळाली तर. नाही मिळाली तर मुकाट्यानं परत. परत गेले असते तर एक स्थळ टपून बसलेलंच होतं, आणि त्या स्थळाच्या आईला शिकवणारी सून नको होती. त्यामुळे ही खोली म्हणजे माझी नोकरी होती, आणि नोकरी म्हणजे मी होते. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला हे बोलून दाखवता येत नाही, पण रात्री झोपताना ते बरोबर ठाऊक असतं.

घरमालकांना सगळा वाडा, म्हणजे सगळी वस्ती, 'काका' म्हणायची, मीही म्हणू लागले. जन्मभर त्यांनी सर्व्हे खात्यात दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचं घर मोजायला घेतलं. घर लहान. पुढे बाल्कांव, म्हणजे बसायचा ओटा, मधे दोन खोल्या, मागे रांधपाची खोली, एका कडेला माझी खोली आणि तिला लागून भाताचं जुनं कोठार. ह्या एवढ्याशा घरात त्यांना काही मावेनासं झालं की ते घर वाढवत नसत, वस्तू घडीची करत. इस्त्रीचं मेज भिंतीला दुमडायचं. आरसा उघडला की त्याचं कपाट व्हायचं. जेवणाचं मेज तर खिटी काढली की आपोआप उभं राहायचं. एकदा मुळगावचे पाहुणे जेवत असताना खिटी सुटली आणि मेज माशाच्या हुमणासकट, म्हणजे कालवणासकट, भिंतीला जाऊन चिकटलं. पाहुणे मांडीवर भात घेऊन बसून राहिले. काका मात्र हरखले होते. "पळयलें? कितलें लायट उबारता!" केवढं हलकं उचललं जातं, ह्याचाच त्यांना आनंद.

"ह्या घरांत सगळ्याची घडी जाता," काकी म्हणायच्या. "म्हजी तेवडी जावंक ना अजून."

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आदीं माप, मागीर जाप." जाप म्हणजे उत्तर. आधी मोजा, मग बोला. हे ते कुठेही लावत. म्हापशाच्या बसमध्ये कंडक्टर तिघांच्या बाकावर चौथा बसवायला आला, तर काकांनी उभं राहून बाक मोजला, बसलेल्यांची बुडं नजरेनं मोजली, आणि चौथा बसणं कसं अशक्य आहे ते सगळ्या बसला समजावून सांगितलं. कंडक्टर हात जोडून म्हणाला, "काका, माप घरा घेयात, हांगा मात्शे सरात!" तोपर्यंत चौथा माणूस काकांच्याच जागेवर बसलेला होता. काका म्हापशापर्यंत उभे. पण उतरताना म्हणाले, "म्हजें गणीत बरोबर. तीगच बसल्यात."

गोवा घटकराज्य झालं त्याच्या आगेमागेचे ते दिवस. कोकणी की मराठी ह्यावरून तेव्हा सख्ख्या भावांत अबोले होते. चहाच्या दुकानात कप आदळत होते. मी मराठीची मास्तरीण, त्यामुळे मला तर रस्त्यात अडवून विचारत. काकांना कुणी पकडून "तुमी खंयचे वटेन?" म्हणजे कुठल्या बाजूचे, असं विचारलं, की ते खिशातली पट्टी काढून दाखवत. "मापाक भास नासता." मापाला भाषा नसते. स्वतः ते पेपर मराठीतला वाचत, देवापुढे संस्कृत म्हणत, माप घेताना आकडे पोर्तुगीजमध्ये मोजत, कारण शाळा त्या भाषेत झाली होती, आणि हातोडी बोटावर बसली की जे काही तोंडातून निघे ते अस्सल डिचोलीचं. दोन्ही बाजूंच्या लोकांना ते आपले वाटत आणि दोन्ही बाजूंना जरा खुळे वाटत.

तर करवतीची गोष्ट.

काकांचं मूळ घर लाटंबार्शाला. तिथे थोरले बंधू राहत. चवथीला सगळे भाऊ, सुना, नातवंडं त्या घरी गोळा होत, कारण गणपती एकच, मूळ घरातला. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी पट्ट्यांची मोठी चौकट छताला टांगायची, आणि तिला नारळांचा अख्खा घड, ज्याला पेंड म्हणतात तो, सुपारीचे घोस, तोरिंगं, आंबाडे, चिबूड, रानातली नाना फळं लटकवायची. लाटंबार्शाची चौकट जुनी होऊन किडली होती. ती नवी करायला मेस्त, म्हणजे सुतार, बोलवायचा विषय निघाला, तेव्हा काका सगळ्यांसमोर बोलून बसले, "फुडल्या चवथीक माटोळी म्हजी. हांव करतां."

थोरले बंधू पानाला चुना लावता लावता म्हणाले, "तुका मोजपाक येता. करपाक येता?"

सगळे हसले. काकाही हसले. पण डिचोलीला आल्या आल्या त्यांनी कोठारातलं भाताचं रिकामं पिंप बाहेर काढलं आणि जाहीर केलं, की हा आता कारखाना. त्यात हातकरवतीनं काम होणार नाही. माटोळीच्या पट्ट्या लांब, अगदी खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या, आणि सरळ सुतात हव्यात. यंत्र पाहिजे.

यंत्र घ्यायचं ठरवणं सोपं, कुठलं ते ठरवणं कठीण. काकांनी कोल्हापूर, बेळगाव, कुठून कुठून माहितीपत्रकं मागवली. एक यंत्र होतं ते म्हणजे अख्खा कारखानाच: गोल करवत, रंधा, भोकं पाडायची सोय, सगळं एका अंगावर, पण त्याच्या चारी बाजूंनी माणूस फिरायला हवा. दुसरा मार्ग होता करवत वेगळी आणि रंधा वेगळा घ्यायचा. पण मग काकांनी परसात उभं राहायचं आणि यंत्रांनी आत. तिसरं होतं लहानसं, जोडयंत्र. एकच मोटर, एका अंगाला गोल करवत, दुसऱ्या अंगाला रंधा, दोन्हीकडचे लोखंडी पंखे, म्हणजे लाकूड टेकवायच्या पाट्या, खाली दुमडायचे, पायाला चाकं, काम झालं की ढकललं भिंतीला.

सल्ला द्यायला समोरच्या चाळीतला फिटर येऊन बसे. हा गडी गडहिंग्लजकडचा. औद्योगिक वसाहतीत कामाला, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा. कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर मोठंच. त्यानं कोठारात उभं राहून दोन्ही हात पसरले, तर दोन्ही भिंतींना लागले.

"काका, कशाला जिवाला घोर लावून घेताय? ही मधली भिंत पाडा की! बाईंची खोली आत घ्या, मोठं यंत्र बसवा. चाळीस वर्षं बघायला नको."

मी माझ्या खोलीत वह्या तपासत होते. भिंत चिऱ्याची असली तरी फिटरचा आवाज तिला दाद देत नव्हता. माझ्या हातातला लाल पेन तिथेच थांबला. मग काकांच्या पट्टीची घडी उघडल्याचा आवाज तेवढा आला. टक, टक, टक.

त्या दिवसापासून लाकूड कापायच्या यंत्रांत मला एकाएकी भारी गोडी वाटू लागली. शाळेतून आले की मी माहितीपत्रकं घेऊन काकांशेजारी बसायची. "काका, हे लहान बघा. पंखे दुमडतात. चाकं आहेत. दिसायला किती गोड!" लोखंडी यंत्राला गोड म्हणणारी मी पहिलीच असेन. काकी चहा देताना माझ्याकडे बघून हसायच्या. त्यांना सगळं कळत होतं. पण त्यांचा स्वतःचा सवाल वेगळा होता, केर काढायचा. "तें ल्हान आसूं, व्हड आसूं. हांवें झाडू घेवन खंयच्यान भितर वचप, तें सांगात."

काकांनी घाईनं ठरवलं नाही. आदीं माप. त्यांनी बांबू, गोणपाट आणि पुठ्ठे जोडून त्या जोडयंत्राचा हुबेहूब सांगाडा केला, अगदी खऱ्या मापाचा, दुमडणाऱ्या पंख्यांसकट. तो कोठारात उभा केला आणि त्याच्यासोबत राहून बघितलं. रोज सकाळी अंघोळ करून आत जात, कानावर पेन्सिल लावत, खटका दाबल्यासारखं करत, आणि तोंडानं 'घर्रर्र' असा आवाज काढत हवेतली फळी पुढे सरकवत. कोपर कुठे लागतो, पोट कुठे अडतं, भुसा कुठे पडेल, काकी चहा घेऊन आल्या तर कुठे उभ्या राहतील, सगळं खडूनं जमिनीवर आखलेलं. एकदा पोदेर पाव द्यायला मागच्या दारी आला, आणि काकांना गोणपाटापुढे घरघरताना बघून पाव उंबऱ्यावर ठेवून आल्या पावली गेला. संध्याकाळी वाड्यावर दोघा-तिघांनी काकींना विचारलं, "काकांक बरें आसा मूं?"

काकी त्या सांगाड्यावर लुगडी वाळत घालू लागल्या, तेव्हा तो घरचाच झाला.

माटोळीसाठी फणसाच्या उत्तम फळ्या काकांनी आधीच आणून माळ्यावर ठेवल्या होत्या. लांब, पिवळ्याधमक. मी एकदा सहज म्हटलं, "काका, एक फळी खाली काढून ह्या सांगाड्यावर धरून बघूया का?" काकांनी कानाला हात लावले. देवाच्या कामाचं लाकूड गोणपाटाला लावायचं? उष्टं होईल! यंत्र येईल, त्याची पूजा होईल, मगच फळी माळ्यावरून उतरेल. त्यांच्या घरात तसा रिवाज होता, चवथीचं काही म्हणून आधी वापरून बघायचं नाही. देवाच्या बाबतीत कोण बोलणार? आणि सांगाडा कोठारात छान मावत होता, माझी खोली शाबूत होती. मला आणखी काय पाहिजे होतं?

काकांनी शेवटी जाप दिली. लहान यंत्र. मी त्या दिवशी शाळेत मुलांना गृहपाठ दिला नाही.

चवथ जवळ आलेली असताना टेम्पो आला. फिटरनं चार माणसं जमवून यंत्र उतरवलं आणि खडूच्या रेघांत आणून बसवलं. एक केसभर इकडे नाही, एक केसभर तिकडे नाही. काका डोळे मिटून उभे होते. काकींनी हळदकुंकू लावलं, अबोलीचा गजरा करवतीच्या मुठीला बांधला, नारळ फोडला. वाड्यावरची माणसं मागच्या दारी दाटी करून उभी. मग काका सोवळं नेसून माळ्यावर चढले आणि पहिली फळी खाली आली.

खटका दाबला. सगळ्या वाड्यावरचे दिवे मिणमिणले, शेजारच्या टीव्हीवरची बाई आक्रसून काडीएवढी झाली. फळी करवतीला लागली आणि कसली सुरेख चिरत गेली म्हणता! भुसा उडाला, फणसाचा गोड वास सुटला, लोकांनी 'अरे वा' म्हटलं.

आणि ठक्क.

फळी भिंतीला जाऊन टेकली. पाऊण फळी अजून कापायची होती, आणि पुढे जायला जागा नव्हती. काकांनी यंत्र बंद केलं. यंत्र फिरवून उलटं लावलं, तर फळीचं मागचं टोक भिंतीला लागून ती करवतीपर्यंत येईचना. काकांनी कोपर मोजलं होतं, पोट मोजलं होतं, चहाची कपबशी मोजली होती. फळी मोजायची राहिली होती. मागचं दार उघडं ठेवलं तर फळीची सुरुवात परसात होऊ शकत होती, पण कापून झालेलं लाकूड जाणार कुठे? समोर भिंत. भिंतीपलीकडे मी.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"म्हटलं हुतं की मी," फिटर हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, तरी ते वाडाभर ऐकू गेलं. "भिंत पाडल्याबिगर सुटका न्हाई."

काकांनी भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पट्टी काढून ते माझ्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाले, "येऊं, बाय?" मी राहायला आल्यापासून ते त्या खोलीत एकदाही आले नव्हते. आत आले, भिंत मोजली, माझं टेबल मोजलं, टेबलापासून खाट, खाटेपासून दार. मोजताना आकडे ओठांतल्या ओठांत. आणि पट्टीची घडी घालून निघून गेले.

मला रडायला आलं. खोटं कशाला सांगू? मी खाटेखालची ट्रंक ओढली आणि तिच्यात वह्या भरायला लागले. मग वाटलं, वह्या शाळेच्या, त्या कशाला नेऊ? परत काढल्या. चोपड्याचं घर डोळ्यांपुढे आलं, वडिलांचा तो शांत चेहरा आला. ते रागावणार नव्हतेच. 'बरं झालं, आलीस' एवढंच म्हणणार होते, आणि तेच मला सोसलं नसतं. रात्री काकींना विचारलं, "काकी, माका खोली सोडूक लागतली काय?" काकी म्हणाल्या, "तांणी माप घेतलां. जाप अजून दिवंक ना. जेव तूं."

दुसऱ्या दिवशी शाळेत मी फळ्यावर लिहिलेलं पुसायचं विसरत होते. संध्याकाळी परत आले तर माझ्या खोलीत लाल चिऱ्याची धूळच धूळ. पुस्तकांवर चादर घातलेली. आणि टेबलाच्या वर, भिंतीत, एक भोक. भोक तरी कसलं, एक आडवं, बुटकं जनेल, म्हणजे खिडकी. एक फळी निर्धास्त येईल एवढंच रुंद. त्याला फणसाच्या लाकडाची नवी चौकट, तिच्यात बिजागरीवर बसवलेलं एवढंसं झाकण. फिटर कपाळाचा घाम पुसत उभा होता. "काय माणूस हाय," तो मला म्हणाला. "भिंत पाडली असती तर तासाभरात मोकळा झालो असतो. ह्ये दिवसभर कोरून घेतलं माझ्याकडून."

काका उंबऱ्याबाहेरच होते. "कडी पळय," ते म्हणाले.

मी बघितली. पितळेची कडी, आणि ती माझ्या बाजूला लावलेली.

"खोली तुजी. तुका जाय तेन्ना उगडची. ना जाल्यार फळी राबतली." तुला हवं तेव्हा उघड, नाहीतर फळी थांबेल. एवढं बोलून ते वळले, आणि परत मागे बघून म्हणाले, "टेबल मात्शें कुशीक घे. दोन बोटां."

घर त्यांचं, भिंत त्यांची, यंत्र त्यांचं, देव त्यांचा. आणि कडी माझ्याकडे! माझ्या वडिलांनी मला काही कमी केलं नाही, पण आतून लावायची कडी मला आयुष्यात पहिल्यांदा ह्या खुळ्या माणसानं दिली.

मग आमचा संसार सुरू झाला. मी टेबलाशी वह्या तपासत बसायची. पलीकडून हाक यायची, "बाय, येता!" मी कडी काढून ओरडायची, "येऊं दी!" की वाड्यावरचे दिवे मिणमिणायचे आणि झाकण वर उचलून फणसाची फळी माझ्या खोलीत डोकावायची. परसात सुरू झालेली फळी माझ्यापाशी येईपर्यंत एकाच्या दोन झालेल्या असायच्या. मी दोन्ही हातांवर त्या पेलायच्या, हळूहळू मागे सरकत खाटेपर्यंत जायचं. "सरळ आसा?" काका विचारत. "सरळ आसा!" मी सांगायची. चहात भुसा, वहीत भुसा, केसांत भुसा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, बाईंना फणसाचा वास येतो. रविवारी सकाळी मात्र करवत बंद, कारण तेव्हा सगळा वाडा टीव्हीपुढे हात जोडून बसलेला असे, आणि टीव्हीवरची बाई काडीएवढी झाली असती तर वाड्यानं आम्हाला गावाबाहेर काढलं असतं.

एकदा मी मुद्दाम कडी काढली नाही. डोकं दुखत होतं. पलीकडून हाक आली, मी गप्प राहिले. करवतीचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं तर काका परसात फळीला टेकून पेपर वाचत बसले होते. "घाई ना," ते म्हणाले.

चवथीला त्यांनी मलाही लाटंबार्शाला नेलं. माटोळी टांगली गेली. थोरले बंधू आले, खालून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. मग स्वतः जाऊन नारळांची सगळ्यात मोठी पेंड आणली आणि नेमकी मधोमध लटकवली. काकांनी श्वास रोखला, मीही रोखला. चौकट करकरलीसुद्धा नाही. थोरले बंधू पान चघळत म्हणाले, "सरळ आसा."

बस. एवढंच. काका तिथून उठून माजघरात गेले आणि खांबाकडे तोंड करून उभे राहिले. नंतर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत होते, "अर्दी माटोळी बायल्या कुडींत जाली," म्हणजे बाईंच्या खोलीत. लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होते, पण मला त्या दिवशी कशाचीच लाज वाटत नव्हती.

पुढे माझं लग्न झालं, माझ्या पसंतीच्या माणसाशी, आणि बदली पेडण्याला झाली. खोली सोडताना काकांनी ट्रंक परत एकदा मोजली. "तितलीच आसा," ते म्हणाले, जणू ती वाढली असेल अशी त्यांना शंका होती. निरोपाचं काही बोलायला माप घ्यावं लागलं असतं.

मधे बरीच वर्षं गेली. मुलं, शाळा, सासू, सगळं नेहमीचं. एकदा कामानिमित्त डिचोलीला गेले होते, तर पाय आपोआप त्या वाड्याकडे वळले. काकी बाल्कांवात बसल्या होत्या. केस पांढरे, आवाज तसाच. आणि बाल्कांव पाटांनी भरलेलं! भिंतीला पाट, ओट्याखाली पाट, एकावर एक रचलेले पाट.

"बस. खंयच्याय पाटार बस," काकी म्हणाल्या. "वाड्यार सगळ्यांक दिवन जाले, लग्नांनी दिले, देवळांत दिले. तूं गेले उपरांत हो मनीस हाताभरा परस लांब कितेंच करिना. ह्या बाल्कांवाक दोगां बसपा सारकें लांब बांक जाय, म्हूण हांव कितलीं वर्सां सांगतां!" म्हणजे मी गेल्यापासून ह्या माणसानं हातभरापेक्षा लांब काही केलंच नव्हतं.

काका आतून आले. वाकले होते, पण पेन्सिल कानावर होती. मी विचारलं, "काका, बाक का नाही केलात?"

"लांब फळी खंयच्यान काडूं? जनेल धांपलां." खिडकी बंद आहे म्हणाले.

"अहो, खोली तुमची! भाडेकरूसुद्धा नाही म्हणे. आत जा, कडी काढा, झालं!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना खोटं माप लिहायला सांगितलं आहे. "ती तुजी कडी न्हय गो?"

मला हसू आलं. मी उठून माझ्या खोलीत गेले. टेबल जिथल्या तिथे, दोन बोटं बाजूला. इतकी वर्षं न हललेली कडी, गंजली असणार म्हणून मी जोर लावून ओढली, तर ती लोण्यात बोट गेल्यासारखी सरकली. तिला तेल घातलेलं होतं. ताजं. ह्या माणसानं आत येऊन कडीला तेल घातलं होतं, पुन्हा पुन्हा घातलं असणार, आणि कडी काढली नव्हती.

पलीकडे माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. मागचं दार उघडलं. काकी कुणाला तरी सांगत होत्या, टीव्ही बंद करा, टीव्ही बंद करा.

"बाय, येता!"

"येऊं दी!" मी ओरडले.

दिवा मिणमिणला. झाकण उचललं गेलं आणि फणसाची फळी आली, एकाच्या दोन होऊन, पिवळीधमक, तो वास घेऊन. मी दोन्ही हात पुढे केले आणि हळूहळू मागे सरकत गेले.

"बाय, सरळ आसा मूं?"

डोळे इतके भरून आले होते की मला फळी दिसतच नव्हती.

"सरळ आसा, काका!"